वाचकांचे प्रश्न : बेलारूसची मोठी माणसं

प्रश्न : सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बेलारूसबद्दल ‘राजधानी मिन्स्क’ एवढंच सापडतं. या देशाने जगाला कोणी मोठी माणसं दिली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दिली, आणि पहिलं नाव मी फ्रान्सिस्क स्कारिनाचं घेईन. बेलारूसमधल्या पोलोत्स्क शहरातल्या व्यापाऱ्याचा हा मुलगा पोलंडमधल्या क्राकूवला शिकला, १५१२मध्ये इटलीतल्या पादुआत परीक्षा देऊन वैद्यकाचा डॉक्टर झाला आणि नंतर वळला छपाईकडे! ६ ऑगस्ट १५१७ रोजी प्रागमध्ये त्याने बायबलमधली स्तोत्रसंहिता छापली. १५१९पर्यंत बायबलचे वीसहून अधिक भाग काढले. सामान्य माणसाला समजावं म्हणून प्रत्येकाला स्वतः प्रस्तावना लिहिली. त्या बायबलात त्याने स्वतःचं चित्रही छापलं. मला हे धाडस फार आवडतं. पुढे विल्नियसला त्याने प्रवासात सोबत नेता येईल असं छोटं प्रार्थनापुस्तक काढलं.

अलीकडच्या काळातली बरीच नावं सोव्हिएत संघाच्या खात्यावर जमा झाली, म्हणून ती आपल्याला बेलारूसची वाटत नाहीत. वितेब्स्कला जन्मलेले झोरेस अल्फेरोव्ह यांना अर्धवाहकांवरील (सेमीकंडक्टर) संशोधनासाठी २०००चं भौतिकीचं नोबेल मिळालं. आजचे लेझर आणि फायबर ऑप्टिक संपर्क त्या कामावर उभे आहेत. ग्रोद्नोची जिम्नॅस्ट ओल्गा कोर्बुत तर १९७२च्या म्यूनिक ऑलिम्पिकमध्ये सतरा वर्षांची होती. जेमतेम दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर तिने मागे कोलांटी घेतली आणि तीन सुवर्णपदकं जिंकली. घरात जिम्नॅस्टिक्स शिकणारी मुलगी असेल, तर तिला तो खेळ जरूर दाखवा.