"लसीकरण पूर्ण" हे दोन शब्द आधी यादीतून काढा

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की मिरज भागात गालगुंडाची मुलं फार येताहेत, सरकारी वेळापत्रकात त्याची लस घ्यावी म्हणून आपल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शाखेतर्फे जिल्ह्याच्या एका कार्यालयात निवेदन दिलं, सोबत रुग्णांची यादी जोडली, आणि चार महिने झाले तरी उत्तर नाही. तुम्ही यादीचा जो नमुना टाकलाय, त्यात लसीकरणाच्या रकान्यात ओळीनं "पूर्ण, पूर्ण, पूर्ण" लिहिलंय. ते पाहून राहवलं नाही. आमच्या शाखेनं नेमकी हीच चूक केली होती आणि सगळ्यात जास्त किंमत तिचीच मोजली.

सरकारी कार्डावर "पूर्ण" म्हणजे ९ ते १२ महिन्यांत एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी एमआर. गोवर आणि रुबेला, बस. गालगुंडाचा घटक त्यात नाहीच. आपल्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या वेळापत्रकात एमएमआर आहे, म्हणजे गोवर, रुबेला आणि गालगुंड तिन्हींची लस: ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं. हा फरक आपल्याला इतका पाठ असतो की लिहायचं सुचत नाही. कागद वाचणाऱ्या माणसाला मात्र "लसीकरण पूर्ण, तरी गालगुंड" एवढंच दिसतं, आणि त्याचा सरळ अर्थ तो लावतो: लस घेऊनही आजार होतो, मग मागणी कशाला? आमच्या निवेदनावर जवळपास हाच शेरा पडला आणि कागद दप्तरी दाखल झाला. फोन करून खुलासा विचारण्याची तसदी त्या कार्यालयानं घेतली नाही. त्याचा राग आजही आहे, पण शेऱ्याला जागा आपणच करून दिली होती हेही खरं.

म्हणून त्या एका रकान्याचे दोन करा. एमआर किती मात्रा, एमएमआर किती मात्रा, तारखांसह, कार्ड बघून. आईच्या आठवणीवरून लिहिलं असेल तर तसं नोंदवा. एक ओळ साधारण अशी दिसली पाहिजे: वय ६ वर्षे ४ महिने, राहणार तालुका जत, सूज कधीपासून, एमआर २, एमएमआर ०, घशाऐवजी गालाच्या आतून स्वॅब, सुजेच्या दुसऱ्या दिवशी, गुंतागुंत नाही. मुलाचं नाव नको. अशा ओळी एकाखाली एक आल्या की "२ आणि ०" हेच तुमचं म्हणणं मांडतं, वेगळा परिच्छेद लागत नाही.

राहण्याचा तालुका का, तर मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, कागवाड, सांगोला, मंगळवेढा इकडूनही रुग्ण येतात. ते सगळे धरून सांगली जिल्ह्याच्या लोकसंख्येनं भागलं की आकडा फुगतो, आणि एक जागा चुकलेली सापडली की उरलेल्या कागदावरचाही विश्वास उडतो. गाल सुजला म्हणजे गालगुंडच असंही नाही, जिवाणूंमुळेही सूज येते. निदान २ दिवस टिकलेली, दुखरी, लाळग्रंथीची सूज हीच व्याख्या सगळ्यांनी धरा. सगळ्यांचे नमुने शक्य नसतील तर प्रत्येक उद्रेकातल्या काहींचे तरी घ्या. पीसीआरसाठी, म्हणजे नमुन्यात विषाणू शोधणाऱ्या चाचणीसाठी, सुजेचे पहिले ३ दिवस उत्तम.

आता निवेदन पाठवायचं कुठे, तो पत्ता. वेळापत्रक बदलणं जिल्ह्याच्या हातात नाही, कोल्हापूरच्या आरोग्य उपसंचालकांच्याही नाही. लसीची शिफारस करतो तो केंद्राचा लसीकरणावरचा राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट, २००१ पासून. तिथे एकट्या शाखेचं पत्र फारसं टिकत नाही असं माझं मत आहे. तुमची यादी राज्य शाखेमार्फत अकादमीच्या लस समितीकडे गेली पाहिजे, म्हणजे इतर जिल्ह्यांच्या याद्यांना ती जोडली जाते. रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलची लस अकादमीच्या वेळापत्रकात आधी होती, सरकारी कार्यक्रमात २०१६ आणि २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली. हे काम असंच, वर्षानुवर्षं चालतं. जिल्ह्याकडे तेवढंच मागा जे तो देऊ शकतो: उद्रेकाची नोंद, नमुने पाठवायची सोय, आणि सूज आल्यापासून ५ दिवस मुलाला शाळेत न पाठवण्याची सूचना.

एक आक्षेप हमखास येईल, त्याचं उत्तर आधीच लिहा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की लसीकरणाची व्याप्ती ८० टक्क्यांच्या वर टिकत असेल तिथेच गालगुंडाची लस कार्यक्रमात घ्यावी. कमी व्याप्तीत आजार मोठ्या वयाकडे सरकतो, आणि वयात आलेल्या मुलांत वृषणाला सूज येण्याचा धोका जास्त. तेव्हा एमआरच्या दुसऱ्या मात्रेची व्याप्ती तालुकावार जोडा. वाळवा-पलूस पट्ट्यात गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर येणाऱ्या मुलांची मोजदाद वेगळी दाखवा, ती लपवू नका.

आणखी एक, कटू आहे पण सांगतो. एमएमआर आपण आपल्याच दवाखान्यात पैसे घेऊन देतो. निवेदनात ते स्पष्ट लिहा. लस कंपनीच्या पैशातून झालेल्या सभेचा ठराव जोडू नका. दूध पावडरवाल्यांचा तर चहासुद्धा नको, बाळांच्या दूध पावडरीच्या प्रचाराला आळा घालणारा १९९२ चा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती डॉक्टरांच्या संघटनांनाही लागू आहे.

जुन्या कागदाचं काय झालं ते माहिती अधिकारातून कळेल. अर्ज शाखेच्या नावानं नको, एका सदस्यानं नागरिक म्हणून करायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि मागणी "आवक क्रमांक अमुकच्या निवेदनावरील टिपणीची प्रत" अशी. आवक क्रमांक घेतला नसेल तर तारीख आणि विषय द्या. ही माझी वैयक्तिक मतं आहेत, अधिकृत भूमिका राज्य शाखेकडूनच घ्या. नवी यादी तयार झाली की पाठवण्याआधी इथे टाका, रकाने मी तपासून देईन.