हेलसिंकीत पिर्क्कोलाजवळ घर घेतोय. तिथल्या क्रीडा उद्यानात नेमकं काय आहे, आणि हिवाळ्यात त्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि हिवाळ्यात तर जास्तच! पिर्क्कोला हे शहराच्या उत्तर भागात, केस्कुसपुइस्तो या सुमारे 10 किलोमीटर लांब जंगलपट्ट्यातच आहे. पोहण्याचा तलाव, इनडोअर हॉल, फुटबॉलची मैदानं अशा सोयी एकाच आवारात उभारलेल्या आहेत. उन्हाळ्यासाठी खुलं तळंही आहे. पण यातलं सध्या काय सुरू आहे, ते आधी विचारून घ्या.

पण खरी श्रीमंती जंगलातल्या वाटांची. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, म्हणून धावण्याच्या मुख्य वाटांवर दिवे लावलेले आहेत. बर्फ पुरेसा पडला की त्याच जंगलात स्कीसाठी चाकोऱ्या आखतात. त्यांवरून चालू नका, चाकोरी मोडते आणि लोकांना ते अजिबात आवडत नाही.

पोहायला जाताना एक लक्षात ठेवा: आधी कपडे पूर्ण काढून अंघोळ करायची, आणि सौनात, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीत, स्विमसूट घालून बसत नाहीत. पुरुष-स्त्रियांची सोय वेगळी असते. आपल्याकडच्या माणसाला सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. बिनधास्त जा. वेळा मात्र महापालिकेच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.