अमेरिकन विनोदी अभिनेते-गायक डॅनी के यांची जीभ वळवणारी विनोदी गाणी त्यांची पत्नीच लिहायची का?

बरीचशी हो. सिल्व्हिया फाइन यांनी, आणि नुसते शब्द नाही, चालीसुद्धा. दोघंही ब्रुकलिनचे. गंमत म्हणजे डॅनी पोरवयात सिल्व्हियाच्या वडिलांच्या दातांच्या दवाखान्यात कामाला होते आणि तिथल्या ड्रिलने लाकूडकामावर नक्षी काढली म्हणून त्यांना हाकललं होतं! सिल्व्हियाशी ओळख झाली ती बरीच नंतर, नाटकाच्या तालमींमध्ये. 1940 मध्ये लग्न.

सिल्व्हियाबाईंची खरी हुशारी मला वाटते ती ही, की त्या आधी विनोद लिहून मग गायक शोधत बसल्या नाहीत. नवऱ्याची जीभ किती झपाट्याने चालते, तोंड किती वेडंवाकडं होतं, परदेशी उच्चारांची नक्कल कशी जमते, हे हेरून त्यावर गाणं बेतायचं. सैन्यभरतीवरचं ‘मेलडी इन फोर-एफ’ (मॅक्स लीबमन यांच्यासोबत लिहिलेलं; ‘फोर-एफ’ म्हणजे सैन्यासाठी अपात्र ठरवलेला) ऐका. अर्थाचे शब्द थोडेच, बाकी सगळी निरर्थक बडबड, तरी वैद्यकीय तपासणीपासूनची अख्खी गोष्ट कळते. दुसऱ्या कुणी ते गायलं तर निम्मी मजा जाईल.

एक मात्र लक्षात ठेवा: डॅनींचं रशियन संगीतकारांच्या नावांची सरबत्ती असलेलं प्रसिद्ध गाणं सिल्व्हियाबाईंनी लिहिलेलं नाही. ते 1941 च्या एका ब्रॉडवे नाटकातलं; शब्द आयरा गर्शविन, संगीत कुर्ट वाइल. बरेच जण तेही बाईंच्याच खात्यावर टाकतात.