शिवणघर : वाघाचे कान, शेकरूची शेपटी

प्रश्न : माझी चार वर्षांची नात सकाळी वाघ असते आणि दुपारपर्यंत तिचा ससा झालेला असतो. स्नेहसंमेलनासाठी भाड्याने आणलेला वाघाचा पोशाख तिने उकडतो आणि टोचतो म्हणून लगेच काढून टाकला. मला बेताचे शिवणकाम येते. हेअरबँडला कापडी कान शिवून पाहिले, पण ते आडवे पडतात. तिला स्वतःचे स्वतः घालता-काढता येईल असे काय शिवावे? घरात दीड वर्षाचा नातूही आहे आणि हाताला लागेल ते तो तोंडात घालतो.
– एक आजी, सांगली

उत्तर : आपण अंगभर पोशाखाच्या नादी लागू नये, असे मी आधीच सुचवेन. आपल्याकडच्या उन्हात तो कोणालाच सोसत नाही, आणि खेळायला त्याची गरजही नसते. कान आणि शेपटी एवढे मिळाले की उरलेला वाघ मूल आपले आपण होते.

कान आडवे पडतात याचे कारण बहुधा कापडाचा मऊपणा नसून कानाचा सपाटपणा हे असते. कागदावर साधारण सहा सेंटिमीटर उंच आणि आठ सेंटिमीटर रुंद बुडाचा कान काढावा. वाघाचा कान गोलसर असतो, टोकदार काढला तर त्याची मांजर होते. भोवती एक सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठीचे जादा कापड, सोडून प्रत्येक कानाचे दोन तुकडे कापावेत. शर्टाच्या कॉलरला लावतात ते चिकटणारे बक्रम मात्र माया न सोडता कापून मागच्या तुकड्याला आतून इस्त्रीने चिकटवावे, म्हणजे शिवण जाड होत नाही. दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून बूड सोडून टीप मारावी, गोलाईवरच्या मायेला टिपेपर्यंत न पोचणाऱ्या बारीक चिरा द्याव्यात आणि कान उलटवावा. यानंतरची पायरी आपल्याकडून राहिली असावी : बुडाच्या मधोमध एक लहानशी चुणी घालून ती टाक्याने पक्की करावी. या चुणीमुळे कान पन्हाळीसारखा वळतो आणि उभा राहतो. आधारासाठी तार अजिबात घालू नये. तिचे टोक कधीतरी कापडातून बाहेर येतेच.

खऱ्या वाघाच्या कानाची मागची बाजू काळी असते आणि तिच्यावर पांढरा ठिपका असतो. मागचा तुकडा काळा कापून त्यावर पांढऱ्या फेल्टचा गोल शिवला, तर पाठीमागून धावणाऱ्या भावालाही वाघ ओळखता येईल. फेल्टचे धागे निघत नाहीत, त्यामुळे त्याच्या कडा दुमडाव्या लागत नाहीत.

प्लॅस्टिकचा हेअरबँड काही वेळाने कानामागे रुतू लागतो, म्हणून पुढे कापडी पट्टी आणि मागे इलॅस्टिक असा बँड शिवावा. नातीच्या डोक्याचा घेर कपाळावरून मानेच्या वरपर्यंत टेपने मोजावा आणि न ताणलेला बँड त्याहून दोन-तीन सेंटिमीटर कमी ठेवावा. कान बँडच्या पट्टीला नुसते वरून न टाचता तिच्या शिवणीत अडकवावेत.

शेपटी गुडघ्याच्या वरच संपली पाहिजे, नाहीतर ती पायात येते किंवा सायकलच्या चाकात जाते. चार वर्षांच्या मुलाला साधारण तीस सेंटिमीटर पुरते. काळे पट्टे कापड सपाट असतानाच शिवून घ्यावेत आणि मग त्याची नळी करावी. शिवताना टोकाच्या शिवणीत एक मजबूत दोरा अडकवून तो नळीच्या आतून बाहेर काढून ठेवला, की तो ओढून नळी सहज उलटते. काम झाल्यावर दोरा कापून टाकावा. आत उशीत भरतात ते फायबर घालावे, कारण धुतल्यावर कापसाच्या गुठळ्या होतात. वरचा तिसरा भाग सैल भरावा, म्हणजे वाघाला खाली बसता येते.

शेपटी फ्रॉकला किंवा पट्ट्याला कायमची शिवू नये. रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्याला पुढे वेलक्रो लावावे आणि मागे शेपटीही वेलक्रोनेच चिकटवावी. नातू ती ओढणार हे नक्की. त्या वेळी शेपटी सुटून त्याच्या हातात यावी, बहीण पडू नये. वेलक्रोची मऊ बाजू पट्ट्यावर आणि खरखरीत बाजू शेपटीवर घेतली, तर नुसता पट्टा घातल्यावर कपडे ओरखडत नाहीत. याच पट्ट्यावर उद्या सशाचा गोंडाही लागेल.

नातू लहान आहे तोवर मणी, बटणे आणि चिकटवलेले डोळे वर्ज्य समजावेत. जिथे डोळा किंवा नाक हवे तिथे भरतकाम करावे. गळ्यात नाडी बांधावी लागेल असे काहीही शिवू नये. मुखवट्याचा हट्ट झाला, तरी जिन्यावर आणि झोपाळ्यावर तो नको, कारण त्याच्या भोकांतून बाजूचे काही दिसत नाही.

प्रश्न : भीमाशंकरला शेकरू पाहून आल्यापासून माझ्या पाच वर्षांच्या मुलाला तसली झुबकेदार शेपटी हवी आहे. फरचे कापड आणले, पण कापताना घरभर केस उडाले. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फर कात्रीने आरपार कापू नये. कापड उलटे पसरून मागच्या विणीवर खडूने आकृती काढावी आणि ब्लेडने फक्त ती वीण कापावी, म्हणजे केस अखंड राहतात. टीप मारण्यापूर्वी कडेचे केस सुईने आत सारावेत आणि शेपटी उलटवल्यावर शिवणीत अडकलेले केस त्याच सुईच्या टोकाने उपसून बाहेर काढावेत. मग शिवण दिसत नाही. तपकिरी शेपटीच्या टोकाला फिकट रंगाचा तुकडा जोडायला विसरू नये. भीमाशंकरचे शेकरू पाहून आलेला मुलगा तो नसल्याचे आपल्या आधी सांगेल. फरला थेट इस्त्री करू नये, तिचे केस वितळतात. घरात रांगणारे मूल असल्यास फरऐवजी फ्लीसच्या (स्वेटरसारख्या मऊ, लवदार कापडाच्या) पट्ट्या ओळीने शिवाव्यात. झुबका थोडा कमी दिसतो, पण केस गळून तोंडात जात नाहीत.