मुनिया, मनोली आणि अमदावाद

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: शाळेच्या कुंपणालगतच्या गवतात मुनिया या चिमुकल्या पक्ष्यांचे थवे उतरतात. चौथीच्या मुलांना ओळख करून देताना 'मुनिया' म्हणावं, 'मनोली' म्हणावं, की पालक म्हणतात तसं 'लव्हबर्ड'?

लव्हबर्ड तर मुळीच नाही! तो आफ्रिकेतला आखूडशेपटीचा पोपट. दोन चिमुकले पक्षी खेटून बसलेले दिसले की लव्हबर्ड, ही खोड पिंजरेवाल्या दुकानांनी लावली. 'मनोली' आपल्या पक्षिपुस्तकांत रुळलेला, 'मुनिया' हिंदीतून आलेला, दोन्ही चालतात.

खरी गंमत लाल मुनियेच्या नावात आहे. तिचं शास्त्रीय नाव अमंदावा अमंदावा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758मध्ये हा शब्द नोंदवला. तो संस्कृतही नाही आणि लॅटिनही नाही. ते आहे अमदावाद, म्हणजे अहमदाबाद! तिथून हे पक्षी सुरतेच्या वाटेने परदेशी जात. साहेबांच्या तोंडी अमदावादचं 'अमदावत' आणि पुढे 'अवदवत' झालं. जुन्नरला येऊन गेलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानेही अमदावादेच्या या ठिपकेदार पाखरांची नोंद केली आहे. मधला अनुस्वार कुठून घुसला कोण जाणे. माउंट अबूकडची हिरवी मुनियाही याच वंशनामाची, म्हणजे तिच्या नावाचा पहिला शब्दही अमंदावाच, आणि गुजरातचं तोंडही न पाहिलेला आफ्रिकेतला एक भाऊबंदसुद्धा.

आता 'मुनिया'. तपकिरी पिसांना वल्कलं ठरवून हा शब्द 'मुनी'वरून काढणाऱ्या विद्वानांना दुरूनच नमस्कार. हिंदी कोशांत 'लाल' हे या पक्ष्याचं नाव आणि 'मुनिया' ही त्याची मादी. इथला 'लाल' सगळे रंगाचा धरतात. पण नंदलालमधला लाल आठवा: लाडका मुलगा. शेजारी मुन्नीची बहीण मुनिया ठेवा, की बाळ्या आणि बाळी अशी जोडी जमते. रंगाचा योग नंतर जुळला, असं माझं ठाम मत आहे; कोशकारांनी खुशाल नाकं मुरडावीत. या हिशेबाने 'लाल मुनिया' म्हणजे नरमादी एकाच नावात कोंबणं, पण ते आता कोण सुधारणार?

राहिली मुलं. लाल मुनिया दाखवायची तर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत. नर विणीच्या हंगामातच लालभडक असतो. उन्हाळ्यात नेलंत तर शेपटीच्या बुडाशी तेवढी लाली उरते, नि मुलं म्हणतात, "बाई, ही तर चिमणी!" दुसरी जात ठिपकेवाली मुनिया; तिच्या छातीवर खवल्यांची नक्षी असते, नर-मादी सारखेच. पिल्लं मात्र साधी तपकिरी, बिनठिपक्यांची. एकाच थव्यात दोन्ही पाहून मुलं दोन जाती मोजतात, तेव्हा हे आधीच सांगावं.

मुलांना दहाबारा मीटरांवर बसवावं, सकाळी. गवत कापू नये, तुरे बियांवर येऊ द्यावेत. शाळेचा माळी नेमका त्याच आठवड्यात यंत्र फिरवतो. ताटलीत मूठभर राळा किंवा बाजरी, शेजारी दोन बोटं खोल पाणी. बिस्किटांचा चुरा नको. राळा ओला राहिला तर बुरशी धरतो, म्हणून रोज झटकून नवा घालावा.

गाणं ऐकवू म्हणाल तर फसाल. ठिपकेवाली गाते तेव्हा चोच हलते, गळ्यावरची पिसं फुलतात, आवाज मात्र हातभर अंतरावरही जेमतेम. शेजारची मुनिया मान लांबवून गाणाऱ्याच्या तोंडाजवळ कान नेते, हे दुर्बिणीतून दिसतं. मुलांना तेवढंच दाखवावं. पकडून वर्गात आणण्याचा हट्ट कुणी धरला, तर 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. बाजारात हिरव्या-गुलाबी रंगात बुडवून विकतात त्याही बहुधा याच मुनिया.