इम्प्लांट तुटल्याची तारीख धरून बसू नका

नाशिकच्या एका वाचकांचा मेल आलाय, असे मेल हल्ली बरेच येतात. दाढेचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचं टायटॅनियमचं कृत्रिम मूळ, पुण्यात बसवलं, दोनदा त्यातला स्क्रू सैल झाला, दोन्ही वेळा डॉक्टरांनी आवळून दिला, मग एक दिवस जेवताना इम्प्लांटच तुटलं. त्याला सोळा महिने झाले, ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं, म्हणजे अजून आठ महिने हातात आहेत असा यांचा हिशोब.

नाहीत हो. मेलला जोडलेला दुसऱ्या डेंटिस्टचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा, रिपोर्ट तुम्ही स्वतः वाचला का? तो तुटायच्या सहा महिने आधीचा आहे आणि त्यात इम्प्लांटभोवतीचं हाड झिजल्याचं स्पष्ट लिहिलंय. समोरचा वकील म्हणणार, यांना तेव्हाच कळलं होतं, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 ची दोन वर्षं तिथूनच मोजा. म्हणजे 22 महिने संपले, दोन उरले. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या एका नर्सची तक्रार मुदतबाह्य ठरवली, ऑपरेशनमध्ये पोटात गॉज (जखमेवरचं जाळीदार कापड) राहिला होता तरी, कारण दुखत असूनही त्या वर्षानुवर्षं सर्जनकडे गेल्याच नाहीत. तुम्ही निदान डॉक्टरांकडे जात होतात, पण व्हॉट्सअॅपवरच्या "बघतो, करून देतो" ने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर कशाला राहायचं?

डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध होईल का, ते आत्ता सांगता येणार नाही. हाड खाली गेलं की इम्प्लांटचा वरचा भाग आधाराशिवाय राहतो, आत स्क्रूसाठी पोकळी असल्याने तिथली भिंत पातळ, मग रोजच्या चावण्याने टायटॅनियम थकत जातं आणि चीर पडते. चिरेत जंतू गेले की हाड आणखी झिजतं. पण आधी हाड गेलं की आधी जास्त भार पडला यावर दोन तज्ज्ञ दोन मतं देतील. आणि झोपेत दात खाता असं तुम्हीच लिहिलंय, ते डॉक्टर तुमच्यावर ढकलणार. मग तुम्हाला ते विचारलं होतं का, नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) दिला होता का, स्क्रू वारंवार सैल होतोय तर एक्स-रे काढला का, हे प्रश्न आपले.

तक्रार नाशिकलाच करा, तुम्ही राहता तिथे चालते, दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फीसुद्धा नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात लिहिलंय, वाचून हसू येतं.

तुटलेला तुकडा "कंपनीला पाठवतो" असं डॉक्टर म्हणाले आणि तुम्ही पावतीशिवाय देऊन टाकलात, कमाल आहे! तो आणि इम्प्लांट कोणत्या खेपेतलं ते सांगणारं लॉट नंबरचं स्टिकर आजच लेखी मागा. जबड्यात राहिलेला भाग काढायच्या आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करून घ्या, काढताना भोवतीचं हाडही कापलं जातं, मग दाखवणार काय?