गोल्फमध्ये पटिंग ग्रीनवर काय पाळायचं? झेंडा काढावाच लागतो का?

कंपनीच्या गोल्फ डेला तुम्ही पहिल्यांदाच जाताय, रेंजवर मारायला थोडंफार शिकलाय, पण ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) झेंड्याचं काय करायचं आणि कुठे पाय पडला की लोक वैतागतात हे कळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

झेंड्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. काढा किंवा राहू द्या, तुमची मर्जी. १ जानेवारी २०१९ पासून नियम बदलले. त्याआधी ग्रीनवरून मारलेला चेंडू होलमधल्या पिनला (झेंड्याच्या काठीला) लागला तर दोन पेनल्टी, म्हणजे दोन जादा फटके, बसायच्या, आता काहीच नाही. कोणी जुना खेळाडू ‘पिन काढ, नाहीतर दोन गेले’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये, तो अजून २०१८मध्ये खेळतोय. वाद घालू नका, काढून टाका. फक्त ती ग्रीनवर फेकायची नाही, कडेला अलगद आडवी ठेवायची.

त्याच बदलांत बुटांच्या स्पाइक्सचे ओरखडे पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारण्याआधी नीट करायची मुभा मिळाली. ग्रीनवर चुकून पाय किंवा पटर (पट मारायची काठी) लागून चेंडू हलला तरी आता पेनल्टी नाही, गुपचूप जागेवर ठेवायचा. एकूण ग्रीनवरचे नियम बरेच मवाळ झालेत.

जागेच्या बाबतीत मात्र कुणी सूट देत नाही. चेंडू उचलण्याआधी मार्क करायचा. नाणं किंवा मार्कर चेंडूच्या मागे, म्हणजे होलच्या विरुद्ध बाजूला, अगदी चिकटून ठेवायचं, मगच चेंडू उचलून पुसायचा. मार्क न करता उचलला तर एक पेनल्टी. परत ठेवताना तो नेमका तिथेच हवा. नाण्याच्या पुढे बोटभर सरकवणारे महाभाग असतात. बरोबरचे बोलत नाहीत, पण बघतात सगळे.

बोटभर म्हणजे किती महाग पडतं पाहा. २०१७च्या एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या मोठ्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीत सतराव्या ग्रीनवर अमेरिकन खेळाडू लेक्सी थॉम्पसनने होलपासून फूटभरावरचा चेंडू मार्क केला आणि ठेवताना किंचित बाजूला ठेवला. टीव्हीवर पाहणाऱ्या कुणीतरी दुसऱ्या दिवशी ईमेल करून ते कळवलं. शेवटच्या फेरीत, बारा होल झालेले, ती आघाडीवर, आणि तिथे तिला चार पेनल्टी सांगितल्या: दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याच्या, दोन चुकीचं स्कोअरकार्ड सही करून दिल्याच्या. तरीही ती प्लेऑफपर्यंत (बरोबरी सोडवायच्या जादा होलपर्यंत) पोचली आणि सो यॉन रियूकडून हरली. पुढच्या वर्षीपासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी घेणं बंद झालं, पण जागेचा नियम आहे तिथेच आहे.

तुमचं नाणं दुसऱ्याच्या लाइनमध्ये (त्याच्या चेंडूच्या रस्त्यात) येत असेल तर तो सरकवायला सांगेल. समोरचं एखादं झाड धरायचं, पटरचं डोकं नाण्याला लावून त्या दिशेला जमिनीवर टेकवायचं आणि नाणं त्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. आपली पाळी आली की हेच उलटं. हे उलटं करायला भल्याभल्यांचं राहून जातं आणि स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन पेनल्टी बसतात.

वैताग येतो तो मुख्यतः लाइनमुळे. प्रत्येकाच्या चेंडूपासून होलपर्यंतचा जो रस्ता, त्यावर पाय द्यायचा नाही. वळसा घालून जा, नाहीतर लांब टांग टाका. कोणी पट मारत असताना त्याच्या लाइनच्या सरळ रेषेत मागे किंवा होलच्या पलीकडे उभं राहू नका. संध्याकाळी स्वतःच्या सावलीकडेही लक्ष असू द्या. बॅग आणि ट्रॉली ग्रीनवर आणायची नाही. आपल्याकडच्या कोर्सवर कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) असेल तर त्याच्याशी सरळ मराठीत बोला. उतार कुठे फसवतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तो लाइन दाखवेल, पण तुम्ही स्टान्स घ्यायच्या (पट मारायला पाय ठेवून उभं राहायच्या) आधी त्याला मागून बाजूला होऊ द्या.

लांबून आलेला चेंडू ग्रीनवर आदळला की खड्डा पडतो, तो बुजवणं तुमचं काम. बरेच जण फोर्क (खड्डे बुजवायचं छोटं काटेरी साधन) खुपसून खालची माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि गवत तिथे जळतं. फोर्क खड्ड्याच्या कडेला तिरका खुपसून कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं, चारी बाजूंनी, आणि वरून पटरने थोपटायचं.

राहता राहिला वीतभर अंतरावरचा चेंडू. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत खेळायच्या प्रकारात) समोरच्याने ‘दिला’ म्हटलं तर उचलायचा, ‘देताय का?’ असं आपण विचारायचं नाही. स्ट्रोक प्लेमध्ये देणं-घेणं नसतंच, होलमध्ये घालावाच लागतो. कंपनीच्या खेळात बहुतेक वेळा आधीच काहीतरी ठरलेलं असतं, पहिल्या टीवरच (होल सुरू करायच्या जागी) विचारून घ्या. आणि स्कोअर लिहीत ग्रीनवर थांबू नका, मागचा फोरबॉल (चौघांचा गट) वाट बघत असतो. पुढच्या टीवर जाऊन लिहा.